रोजची तयारी, रोजची सेवा: सीमाभागातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात मराठीतून प्रार्थना करणारी ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत. कुणी कॅथलिक, कुणी मेथडिस्ट, कुणी घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांना जाणारे. पडणारे प्रश्न मात्र बरेचसे सारखेच. शास्त्रपाठ संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर जे पुन्हा पुन्हा विचारले जातात तेच इथे घेतले आहेत.

“सिद्ध असा,” असं येशू सांगतो. रोजच्या जगण्यात त्यासाठी नेमकं काय करायचं?

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय शेवटून वाचायला घ्या. मनुष्याचा पुत्र तुम्हाला वाटणारही नाही अशा वेळी येईल, एवढं सांगून झाल्यावर येशू लगेच एका दासाची गोष्ट सांगतो. धनी गावाला गेला आहे. घरातल्या माणसांना वेळच्या वेळी जेवायला घालण्याचं काम त्याने या दासावर सोपवलं आहे. धनी परतेल तेव्हा जो दास हेच करताना सापडेल, तो धन्य.

याच गोष्टीत दुसराही दास आहे. “धनी यायला अजून उशीर आहे,” असं तो मनात म्हणतो. मग काय करतो? सोबतच्या दासांना मारू लागतो आणि दारुड्यांबरोबर खातपीत बसतो. म्हणजे माणसाची तयारी सुटली हे सगळ्यात आधी त्याच्या हाताखालच्या माणसांना कळतं. घरच्या सुनेला, दुकानातल्या पोऱ्याला, शेतावरच्या बाईला आपण कसं बोलतो ते आठवून बघा. आपण किती तयार आहोत, याचं खरं उत्तर त्यांच्याकडे आहे.

पंचविसाव्या अध्यायातल्या दहा कुमारींच्या दाखल्यावर आपल्याकडे प्रवचनं पुष्कळ होतात. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: वराला उशीर झाल्यावर दहाच्या दहा जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा. झोपेबद्दल येशू कुणालाच बोल लावत नाही. फरक होता तो जवळच्या तेलाचा. आणि तो अध्याय तिथे संपत नाही. पुढे रुपयांचा दाखला येतो आणि शेवटी भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला माणूस येतो. हा सगळा अध्याय एका बैठकीत वाचला, तर तयारी आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. पुढची सगळी उत्तरं याच वाचनातून आली आहेत.

शेवटच्या काळाची चिन्हं सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर सारखे येतात. ते बघावेत का?

त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, असं येशूने स्वतः सांगितलं आहे. त्यामुळे तारीख सांगणारा माणूस जे सांगतो ते शास्त्रातलं नव्हे. व्हिडिओ पुढे पाठवू नका. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यांची भीती ऐकून घ्या. ती भीती बहुतेकदा जगाच्या अंताची नसते, एकटं मरण्याची असते.

पहाटे उठून प्रार्थना करायला वेळच मिळत नाही. उद्यमबागेत रात्रपाळी असते / गोठ्यात चार म्हशी आहेत / वडगावात दिवसभर मागाचा खडखडाट असतो. काय करावं?

येशू अंधार असताना उठून एकांतात गेला, हे मार्काने लिहिलं आहे. म्हणून पहाटेची प्रार्थना आपल्याला मोलाची. पण तोच येशू डोंगरावर रात्रभर प्रार्थना करत होता, आणि वधस्तंभावरही त्याने प्रार्थना केली. घड्याळातली वेळ हा नियम नाही. रात्रपाळीच्या माणसाची पहाट दुपारी दोनला होते. त्याने उठल्यावर, चहाच्या आधी, प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी आणि आज ज्यांच्याशी काम पडणार आहे त्यांची नावं देवापुढे घ्यावीत. नावं घेणं फार महत्त्वाचं आहे. सकाळी ज्याचं नाव प्रार्थनेत घेतलं, त्याच्यावर संध्याकाळी ओरडताना जीभ अडखळते.

धारा काढताना, मागावर, बसमध्ये स्तोत्र पाठ म्हणता येतं. तेविसावं आणि एकशे एकविसावं स्तोत्र आपल्या आज्ज्यांना तोंडपाठ असायचं, कारण अनेकींना वाचता येत नव्हतं. पाठांतराची ती सवय पुन्हा लागावी असं मनापासून वाटतं. आयसीयूच्या दाराबाहेर मोबाइलची बॅटरी संपलेली असते, तेव्हा पाठ असलेलंच उपयोगी पडतं. एक अट मात्र पाळा: दिवसातून एकदा, दहा मिनिटं का होईना, हातात दुसरं काहीही न घेता बसा.

बायबल कुठून वाचायला घ्यावं?

मार्क. सोळा अध्याय आहेत, दोन आठवड्यांत वाचून होतो. नंतर लूक, मग प्रेषितांची कृत्ये. सोबत रोज एक स्तोत्र. प्रकटीकरणापासून सुरुवात करू नका.

मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी शास्त्र वाचताना अडखळतात, म्हणून कौटुंबिक प्रार्थनेला बसायलाच नको म्हणतात.

मग त्यांना मराठीतून वाचायला लावूच नका. एकच उतारा घ्या. मुलगी तो कन्नड सत्यवेदातून वाचेल, आज्जी मराठीतून वाचेल किंवा नुसती ऐकेल. मुलीने काय वाचलं ते तिने आज्जीला मराठीत सांगायचं. पाच मिनिटं पुरतात. जी मुलगी घरात आज्जीसाठी उलगडून सांगते, ती उद्या बाहेर दोन भाषांच्या माणसांमध्ये उभी राहू शकते, आणि या भागात अशा माणसांची फार गरज आहे. आज्जी मात्र मुलीच्या उच्चारांना हसणार नाही, एवढं मोठ्यांनी बघावं.

प्रार्थनेत मन लागत नाही, कोरडं कोरडं वाटतं. माझा विश्वास कमी झाला का?

नाही. स्तोत्रांमधली कितीतरी स्तोत्रं अशाच कोरडेपणातून आली आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी आनंदाची ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. असे दिवस आले की तेच वाचा. झोप उडणं, भूक मरणं, जगणं नकोसं वाटणं असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. हे आपल्या मंडळ्यांत पाळकांनी आणि फादरांनी वेदीवरून सांगायला हवं.

सेवा म्हणजे चर्चमधली कामं ना? गायनमंडळ, संडे स्कूल, सणाची सजावट?

तीही सेवा आहे. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या यादीत त्यातलं काहीच नाही, आणि राजा न्यायाच्या वेळी ती यादी पुढे ठेवतो.

आपल्या भागात रोज डोळ्यांपुढे येणारी एक गरज बघा. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून सकाळच्या बसने एक मावशी तालुक्याला येतात. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. पिशवीत राशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. कर्नाटक सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिन्याचे दोन हजार रुपये खात्यावर यायचे थांबलेत. हातातला कागद कन्नडमध्ये आहे. खिडकीतला माणूस कन्नडमध्ये काहीतरी सांगतो, मागची रांग पुढे रेटते, मावशी “होय की” म्हणून बाजूला होतात आणि समोरच्या झाडाखाली जाऊन बसतात. त्यांना कळलेलं नसतं की राशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, एवढंच कारण आहे.

कन्नड वाचता-लिहिता येणारा एक तरुण त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसला, कागद वाचून दाखवला, कोणता कागद कुठे दुरुस्त करायचा ते मराठीत लिहून दिलं, तर त्यांचा अख्खा दिवस आणि परत येण्याचं बसभाडं वाचतं. हे काम करणारी मुलं प्रत्येक मंडळीत आहेत. आपण त्यांना गिटार वाजवायला बोलावतो, या कामाला कधी बोलावत नाही. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर टेबल मांडा: अर्ज वाचून देऊ, भरून देऊ, जातधर्म विचारणार नाही. पैसे घ्यायचे नाहीत. कुणाचा ओटीपी, पिन किंवा मूळ कागद स्वतःजवळ ठेवायचा नाही. हे दोन नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून लावा.

दुसरी गरज उसाच्या फडात आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या येतात आणि ऐन कडाक्याच्या थंडीत नाताळ येतो. खोप्यांमध्ये बाळंतिणी असतात, तान्ही मुलं असतात. तिथे नाताळचा केक घेऊन जाण्याआधी एकदा रिकाम्या हाताने जा आणि काय लागतं ते विचारा. बहुतेक ठिकाणी चादरी, ताडपत्री, बाळाचं लसीकरण कुठे होईल याची माहिती आणि दवाखान्यात सोबत येणारं माणूस लागतं.

मंडळीत मराठी आणि कन्नड उपासनेवरून वाद होतो. वेळ कुणाला मिळावी, गाणी कोणत्या भाषेतली घ्यावीत, कमिटीवर कोण. अशा वेळी सेवा कशी करायची?

हा प्रश्न शास्त्राला नवा नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली: रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. मंडळीच्या इतिहासातलं हे सेवेवरून झालेलं पहिलं भांडण, आणि ते भाषेच्या रेषेवर झालं.

प्रेषितांनी काय केलं ते नीट बघा. “आपण सगळे प्रभूत एक आहोत, कुरकुर करू नका,” असं म्हणून तक्रार दाबली नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात जण निवडायला सांगितले. निवडले गेले ते स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकान्र, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूची वाटावीत अशी नावं, आणि त्यांच्या हाती सगळ्यांचं वाटप दिलं. बहुमत ज्यांचं असेल त्यांनी एवढा विश्वास टाकायला मोठं मन लागतं. त्याच अध्यायात पुढे लिहिलं आहे की देवाचं वचन पसरत गेलं आणि शिष्यांची संख्या वाढली.

आता आपल्याकडे बघू. ज्या मंडळीत मराठी भाषक जास्त आहेत, तिथे मदतनिधीची वही कन्नड भाषकाच्या हाती द्यावी. जिथे कन्नड भाषक जास्त आहेत, तिथे मराठी भाषकाच्या. आजाऱ्यांच्या भेटीला दोघांनी जोडीने जावं. इस्पितळात रामदुर्गहून आलेल्या बाईला “ऊटा आतेन्री?” (जेवण झालं का?) एवढं विचारलं तरी तिचा चेहरा उजळतो, आणि आपल्या मराठीचं त्यात काहीही कमी होत नाही.

एक नोव्हेंबरला हे सगळं जास्त जाणवतं. १९५६ च्या त्या दिवशी राज्यपुनर्रचनेत हा भाग आजच्या कर्नाटकात गेला, म्हणून इथे एकीकडे कन्नड राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिवस. आपल्या घरांतूनही दोन्हीकडे भावना तीव्र असतात. त्याच तारखेला सर्व संतांचा सण येतो आणि दुसऱ्या दिवशी मृतांचं स्मरण. मराठीसाठी लोकशाही मार्गाने बोलायला विश्वास आड येत नाही. सीमाप्रश्नावर काय भूमिका घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्या दिवशी मंडळीतल्या कन्नड भावाच्या दुकानावर दगड पडू नये म्हणून मराठी भावाने, आणि मराठी भावाच्या पाटीला काळं फासलं जाऊ नये म्हणून कन्नड भावाने उभं राहावं. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत दोन्ही भाषांतली नावं असलेल्या कबरींवर आपण मेणबत्त्या लावतोच.

कुणाला मदत करायला गेलं की “धर्मांतर करायला आलात का?” असं विचारतात. मग मदत करणंच बंद करावं का?

बंद करू नका, पण विचारणाऱ्यावर चिडूही नका. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, तेव्हापासून हा प्रश्न जास्त ऐकू येतो. कायद्याचं काय व्हायचं ते होवो, आमिष दाखवू नये हे शुभवर्तमानातच आहे. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि परत आला एकटाच. उरलेल्या नऊ जणांचा रोग त्याने परत आणला नाही.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवा. तांदळाच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर आधी घरच्यांना विचारायचं, नको म्हणाले तर नुसतं जवळ बसायचं आणि आपल्या घरी येऊन प्रार्थना करायची. मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही न्यायचं नाही. मदत घेणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. हा शेवटचा नियम मोडण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण देणगीदार फोटो मागतात. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे त्यांना सांगायची हिंमत ठेवा.

आणि कुणी आपणहून विचारलं, “तुम्ही हे का करता?” तर गप्प बसू नका. पेत्र म्हणतो, तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, पण सौम्यतेने. विचारल्यावर, विचारलं तेवढंच, खरं सांगा.

शेजारी आपल्याला आजच ओळखू लागलेले नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, सेंट पॉल्स शाळा १८५६ ची, कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. सगळ्या धर्मांची मुलं आपल्या शाळांत शिकून मोठी झाली. तशीच या भागात मठांच्या दासोहात कुणालाही पंगतीला बसता येतं आणि वारीच्या वाटेवर कुणालाही पाणी मिळतं. आपण सेवा करतो तेव्हा जुन्या पंगतीत आपलं पान मांडतो.

शेजाऱ्यांकडे गणपती असतो. जावं का?

जावं. त्यांच्या घरात आनंद आहे आणि त्यांनी आपल्याला बोलावलं आहे. आरतीच्या वेळी हात जोडायचे की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही, हे करिंथकरांच्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय वाचून आपल्या सद्सद्विवेकाला विचारा. ज्याने घेतला त्याने न घेणाऱ्याला हिणवू नये, न घेणाऱ्याने घेणाऱ्याला दोषी धरू नये. आणि नाताळात त्यांना आपल्या घरी बोलवायला विसरू नये.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना सोडून रविवारी चर्चला जाता येत नाही. माझी आध्यात्मिक वाढ थांबली असं वाटतं.

ताई, तुमची सेवा आजच्या घडीला तुमच्या मंडळीतल्या कितीतरी जणांपेक्षा मोठी आहे. येशूने परूशी आणि शास्त्री यांना कडक शब्दांत सुनावलं, त्यातलं एक कारण हेच होतं: देवाला ‘कुर्बान’, म्हणजे अर्पण, केलं असं सांगून आईबापांना द्यायचं ते न देण्याची मुभा ते लोकांना देत होते. आणि वधस्तंभावर श्वास घेणं जड जात असताना त्याने आपल्या आईची सोय लावली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. दोन वर्षं रात्री गजर लावून हे करणारी बाई जागी नाही तर कोण जागं आहे?

पण ही जबाबदारी तुमच्या एकटीची असू नये. पाळकांना किंवा फादरांना स्पष्ट निरोप द्या: प्रभुभोजन घरी आणा. कॅथलिक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहेच. महिला मंडळाला सांगा की महिन्यातून दोन रविवार कुणीतरी तीन तास सासूबाईंजवळ बसावं. आणि घरातल्या पुरुषांना कूस बदलायला, डायपर बदलायला शिकवा. येशूने पाय धुतले तेव्हा ते दासाचं काम होतं, तरीही त्याने ते केलं. मुलाला आपल्या आईचं करायला लाज वाटायचं कारण नाही.

सेवा करून थकून गेलोय. “नाही” म्हणणं पाप आहे का?

पाप नाही. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूनेच त्यांना बाजूला चला, विसावा घ्या म्हटलं. आठवड्यातून एक संध्याकाळ फोन बंद ठेवा. एकच माणूस सगळं करतो अशी मंडळी आजारी मंडळी असते.

देण्यासाठी पैसे नाहीत.

पेत्राकडेही सोनंरुपं नव्हतं. त्याने लंगड्याचा हात धरून त्याला उठवलं. रक्त देता येतं. दवाखान्यात रात्रीची सोबत देता येते. शेजारच्या पोराला गणित शिकवता येतं.

नदीकाठच्या गावातल्या मंडळीने पावसाळ्याआधी काय तयारी ठेवावी?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या आणि चिकोडी, निपाणीपासून अथणी, गोकाकपर्यंत गावं पाण्यात गेली. त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, आणि ते मे महिन्यातच करायचं असतं.

एकटे राहणारे म्हातारे, गरोदर बायका, अपंग यांची गल्लीवार यादी करा, सगळ्या धर्मांच्या घरांची. प्रत्येक नावापुढे त्यांना कोण उचलून नेणार ते लिहा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची नावं त्यात टाका, कारण पाणी आल्यावर पहिली पंचाईत त्यांचीच होते. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून द्या. चर्चचा हॉल उंचावर असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते निदान पाच जणांना ठाऊक असू द्या.

आणि वैरण साठवा. शेतकरी गोठ्यातली जनावरं सोडून निघत नाही, त्यापायी माणसं घरातच अडकतात. जनावरांना बांधायला जागा आणि चार दिवसांची वैरण असली की कुटुंबं वेळेत बाहेर पडतात. जुन्या कपड्यांचे ढीग मात्र गोळा करू नका. लागतात ते सॅनिटरी पॅड, कोरडे टॉवेल, नवी आतली कापडं, पिण्याचं पाणी, आणि पाणी ओसरल्यावर चिखल काढायला फावडी आणि माणसं. चिखल काढायला फारसं कुणी येत नाही. तिथे जा.

सख्ख्या भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे. प्रभुभोजन घ्यावं का?

वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असं येशू म्हणतो. त्याने जायला सांगितलं आहे ते अर्पण घेऊन आलेल्याला, मग चूक कुणाची का असेना. म्हणून शनिवारी जा. उताऱ्यावर नाव कुणाचं, हा विषय त्या दिवशी काढू नका. आईची आठवण काढा, त्याच्या पोरांची चौकशी करा, चहा दिला तर प्या.

त्याने दार उघडलं नाही तरी तुम्ही गेलात हे खरं राहतं. साधेल तितकं सर्वांबरोबर शांतीने राहा, असं पौलाने लिहिलं, आणि त्यातलं ‘साधेल तितकं’ हे त्याने उगाच घातलेलं नाही. मग रविवारी मोकळ्या मनाने प्रभुभोजन घ्या. दावा कोर्टात चालू असला तरी त्याच्या मुलीच्या लग्नाला जाता येतं, आणि तो आजारी पडला तर दवाखान्यात रात्री त्याच्या उशाशी बसता येतं.